एका बूलियन कॉलमच्या अपडेटला इतका वॅल कसा? लॉगमध्ये पूर्ण रो जाते का?

विचारतोय_जरा
डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. एका मोठ्या टेबलात नवीन बूलियन कॉलम टाकला आणि मग एकाच अपडेटने सगळ्या रोजमध्ये (ओळींमध्ये) तो ट्रू करायला घेतला. बूलियन म्हणजे १ बाइट, त्यामुळे लॉग थोडाफार वाढेल असं धरून चाललो होतो, पण वॅलच्या, म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवतो त्या लॉगच्या, फोल्डरमध्ये १६ एमबीच्या फायलींवर फायली पडत गेल्या आणि डिस्क भरत आली तशी घाबरून क्वेरी कॅन्सल केली. लॉगमध्ये नक्की लिहितात काय? फक्त बदललेला कॉलम, की पूर्ण रो, की जुनी आणि नवी दोन्ही? आमच्याकडे एकजण म्हणतोय की एसक्यूएल स्टेटमेंटच लिहिलं जातं, पण मग ते एका ओळीत संपलं असतं ना?

पेज_आठ_केबी
स्टेटमेंट जात नाही, तुमचं बरोबर आहे. वॅलच्या रेकॉर्डमध्ये टेबलचं किंवा कॉलमचं नावसुद्धा नसतं. २४ बाइटचं हेडर असतं, त्यात ट्रान्झॅक्शन आयडी, आधीचं रेकॉर्ड कुठे आहे ते, सीआरसी (रेकॉर्ड बिघडलं नाही ना ते तपासायचा आकडा) वगैरे, आणि पुढे कुठल्या फाइलच्या कितव्या ब्लॉकमध्ये (म्हणजे ८ केबीच्या पेजमध्ये) काय करायचं ते. क्रॅशनंतर रिकव्हरी चालते तेव्हा तिला कॉलम म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, ती फक्त त्या पेजवर त्या जागी ते बाइट ठेवते.

आता अपडेटचं. पोस्टग्रेस रो जागेवर बदलत नाही, नवीन व्हर्जन लिहितो, म्हणून लॉगमध्ये नवी रो जाते, बूलियन एकच असला तरी बाकीच्या कॉलमांसकट. जुनी रो नॉर्मली जात नाही कारण ती टेबलातच पडून असते, फक्त ती कुठे आहे आणि कुणी संपवली एवढं जातं. डिलीटचंही तसंच, रोचा मजकूर नाही, फक्त जागा. एक सूट आहे, नवं व्हर्जन त्याच पेजवर मावलं तर जुन्या-नव्या रोची सुरुवात आणि शेवट जुळवून बघतात आणि जेवढं सारखं तेवढं गाळतात. पण टेबलाचा फिलफॅक्टर (पेज किती टक्के भरायचं ते) डिफॉल्ट १०० असतो, पेज गच्च भरलेलं, त्यामुळे असल्या सरसकट अपडेटमध्ये ही सूट फारशी मिळत नाही.

मायएसक्यूएलवाला
आमच्याकडे मायएसक्यूएलच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनमध्ये एवढं होत नाही, साइज तीच असेल तर रो जागेवरच बदलते आणि रीडू लॉगमध्ये (तुमच्या वॅलसारखाच) बदललेल्या बाइटपुरतंच जातं. पण जुनी व्हॅल्यू बदल मागे घेता यावा म्हणून अनडू लॉगमध्ये जाते आणि त्या अनडू पेजेसचाही रीडू लिहावा लागतो, शिवाय बिनलॉग (रेप्लिकेशनसाठीचा वेगळा लॉग) रो फॉरमॅटमध्ये असेल तर त्यात डिफॉल्टने आधीची पूर्ण रो आणि नंतरची पूर्ण रो अशा दोन्ही जातात. म्हणजे खर्च तिथेही आहेच, फक्त तीन ठिकाणी विभागलेला.

चेकपॉइंट_आधी
वरचं सगळं बरोबर आहे पण तुमची डिस्क रोजनी नाही भरली, पेजेसनी भरली असणार. फुल पेज राइट्स डिफॉल्ट चालू असतं. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डेटा फायलींत उतरवायचं काम) झाल्यावर एखादं पेज पहिल्यांदा बदललं की त्या अख्ख्या ८ केबी पेजची कॉपी लॉगमध्ये जाते, मधली रिकामी जागा तेवढी वगळून. कारण असं की ८ केबीचं पेज डिस्कवर लिहिता लिहिता लाइट गेली तर अर्धं नवं अर्धं जुनं असं फाटलेलं पेज राहतं आणि त्याच्यावर छोटे बदल लावून काही उपयोग नसतो, आधी एक धड प्रत लागते. म्हणून हे सेटिंग बंद करा असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. मी एकदा ते बंद ठेवलेला सर्व्हर सावरत बसलेलो आहे, पुन्हा ती वेळ नको.

तुमच्या केसमध्ये काय झालं असेल बघा. जुनं पेज बदललं, नवं व्हर्जन दुसऱ्या पेजवर गेलं, आणि दुसऱ्या पेजवर गेलं म्हणजे हॉट अपडेट (इंडेक्सला हात न लावता होणारं) नाही, म्हणजे टेबलावर जितके इंडेक्स तितक्या नव्या एन्ट्र्या आणि त्या इंडेक्सच्या पेजेसच्याही कॉप्या. वर मॅक्स वॅल साइज डिफॉल्ट १ जीबी, लॉग तिकडे पोचायला लागला की ५ मिनिटांची वाट न बघता चेकपॉइंट सुरू होतो, आणि नवा चेकपॉइंट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अख्खी पेजेस. मोठ्या अपडेटआधी मॅक्स वॅल साइज वाढवा, वॅल कॉम्प्रेशन चालू करा, १५ मध्ये त्यासाठी एलझी४ आणि झेडस्टँडर्ड या पद्धती पण आहेत. आणि अंदाज करत बसण्यापेक्षा पीजी-वॅलडम्प हे वॅल वाचायचं टूल स्टॅट्स लावून चालवा, रेकॉर्ड किती आणि फुल पेज किती ते वेगळं दाखवतो.

विचारतोय_जरा
बघितलं. फुल पेजचाच आकडा प्रचंड आहे, रेकॉर्डचा त्याच्यापुढे काहीच नाही. टेबलावर ६ इंडेक्स आहेत. आणि एक सांगायचं राहिलं, वॅल लेव्हल लॉजिकल आहे, म्हणजे वॅलमधून रोजचे बदल वाचून दुसऱ्या सिस्टिमला डेटा जातो. त्याने फरक पडतो का?

पेज_आठ_केबी
पडतो. लॉजिकल असेल तर ती सारखा भाग गाळायची सूट बंद, आणि पेजची कॉपी गेली तरी नवी रो वेगळी ठेवावीच लागते, कारण डीकोड करणाऱ्याला पेजशिवाय रो वाचता आली पाहिजे. रेप्लिका आयडेंटिटी (पलीकडे जुनी रो ओळखायला काय पाठवायचं ते सेटिंग) फुल ठेवली असेल तर जुनी रो पण पूर्ण जाते, ती नक्की तपासा. टोस्टमध्ये (मोठ्या व्हॅल्यूंच्या वेगळ्या टेबलात) गेलेल्या मोठ्या व्हॅल्यूज बदलल्या नसतील तर साध्या अपडेटमध्ये परत लिहीत नाहीत, पण आयडेंटिटी फुल असली की जुन्या रोसोबत त्याही येतात.

दुसरं, रेप्लिकेशन स्लॉट बघा, म्हणजे पलीकडच्याने कुठवर वाचलं त्याची नोंद. पलीकडचा मागे पडला तर स्लॉट जुन्या फायली धरून ठेवतो आणि डिफॉल्टने त्याला मर्यादाच नाही. वॅल तयार होणं वेगळं आणि साठून राहणं वेगळं, तुमच्याकडे दोन्ही असू शकतं. कॅन्सल केल्याने लिहिलेला वॅल परत जात नाही, नवी व्हर्जन्ससुद्धा डेड टपल (निकामी रो) म्हणून टेबलात पडलेली असतील, तेव्हा पुढचं काही करायच्या आधी ती साफ करायला व्हॅक्यूम चालवा.

चेकपॉइंट_आधी
अहो पण सगळ्याच रोजना ट्रूच द्यायचंय ना? मग अपडेट हवंच कशाला, तो कॉलम काढून परत टाका आणि टाकतानाच डिफॉल्ट ट्रू द्या. पोस्टग्रेस ११ पासून अशी स्थिर व्हॅल्यू कॅटलॉगमध्ये (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या सिस्टिम टेबलांत) एकदाच लिहितात, रोजना हातच लावत नाहीत. नव्या रोजना फॉल्स हवं असेल तर नंतर डिफॉल्ट बदला, जुन्या ट्रूच राहतील. लॉक लागतो पण काम क्षणाचं आहे, फक्त त्या वेळी टेबलावर दुसरं लांबलेलं ट्रान्झॅक्शन उघडं नाही ना ते आधी बघा, नाहीतर मागे रांग लागेल.