ज्वारीतला टारफुला: जनुक बंद करायचं की फेरपालट?

कोरडवाहू: खरिपाच्या ज्वारीत यंदाही टारफुला, हे मुळावर जगणारं तण. पांढरी फुलं दिसेस्तोवर त्याने जमिनीखाली मुळाला चिकटून रस ओढलेला असतो. मग उपटा नाहीतर पूजा करा, ताटं पिवळीच. बी तपकिरीसारखं बारीक, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. ज्वारीच्या मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन हे रसायन पाझरलं की उगवतं. ज्वारीतलं एलजीएस१ जनुक बंद केलं तर मूळ वेगळ्या प्रकारचं स्ट्रिगोलॅक्टोन सोडतं आणि बहुतेक बी झोपूनच राहतं. केनियात क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या कात्रीने, अशा ज्वारीवर काम चालू आहे. आपल्याकडे का नको?

फेरपालटवाला: बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हाही हेच ऐकलं होतं. पुढे गुलाबी बोंडअळीने काय केलं ते विदर्भाला विचारा. टारफुल्यावर कपाशीची फेरपालट करा. तिच्या मुळांमुळे बी उगवतं, पण चिकटायला जागा न मिळाल्याने उपाशी मरतं.

कोरडवाहू: दोन म्हशींना कडबा कुठून आणू? पऱ्हाटी घालू?

लॅबकोट: बीटीत जिवाणूचं जनुक घातलं होतं, इथे ज्वारीचंच एक बंद करायचं. परकं जनुक नसलेल्या अशा पिकांना आपल्याकडे २०२२ पासून जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, पिकांच्या बऱ्याच अटींतून सूट आहे. २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीरही झाले.

तिरकस: मग कात्री कशाला? या जनुकाविना ज्वारी निसर्गातच सापडते. ज्वारीचे पैदासकार शास्त्रज्ञ गेबिसा एजेटांनी साध्या पैदाशीतून टारफुलारोधक वाण काढले, २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला.

लॅबकोट: पैदाशीत हव्या गुणामागे नको ते चार येतात. भाकरी बिघडली की बाई दुसऱ्या वर्षी ते बी घरात घेत नाही. मूळ वाणावर परत यायला पाच-सहा पिढ्या संकर करत बसायचं.

फेरपालटवाला: तेच स्ट्रिगोलॅक्टोन मुळाशी स्फुरद पोचवणाऱ्या बुरशीलाही बोलावतं. आवतणच बदललं तर हलक्या माळरानात ज्वारी खाणार काय?

लॅबकोट: हा मुद्दा खरा. बदललेलं रसायनही बुरशीला बोलावतं, पण पिकाचा उतारा बघायचा तो माळावरच, कुंडीत नव्हे.

कोरडवाहू: मग माझा बांधालगतचा पट्टा घ्या, टारफुला भरपूर आहे. शेजारी कपाशीही लावू. फक्त बी घरचं ठेवता येईल का, तेवढं आधी सांगा.