अनुभव धागा : पॅरिशला रेक्टर नसतो तेव्हा

नमस्कार मंडळी,

मी व्हर्जिनियात राहते. आमच्या एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, रेक्टर (मुख्य पाळक) या उन्हाळ्यात निवृत्त होतायत, आणि मी नुकतीच वेस्ट्रीवर, म्हणजे पॅरिशच्या निवडून दिलेल्या कारभारी मंडळावर आले आहे. मी वाढले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत. तिथे पाळकसाहेबांची बदली झाली की बिशपसाहेब दुसरे पाळक पाठवायचे आणि आम्ही हार घेऊन दारात उभे. इथे रेक्टर शोधायचा तो पॅरिशनंच, बिशपांच्या संमतीनं. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा काळ नुसता कसाबसा काढायचा नसतो. मंडळीचं म्हणून जे काम आहे ते याच काळात मंडळीच्या हातात येतं. पण मी हे अजून जगलेले नाही. ज्यांनी अमेरिकेत कुठेही हा मधला काळ पाहिलाय त्यांनी सविस्तर लिहा. ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही. नावं आणि चर्चची ओळख टाळूया.

त्या वेळची सीनियर वॉर्डन (वेस्ट्रीतली प्रमुख सभासद), ओहायो

निरोपाच्या रविवारी केक झाला, डोळे पुसून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे प्रश्न माझ्याकडे यायला लागले. बॉयलर बंद पडलाय. बुलेटिनमध्ये कुणाचं नाव छापायचं? बाप्तिस्म्याची तारीख कोण देणार? रेक्टर नसताना कारभाराची जबाबदारी वॉर्डन आणि वेस्ट्रीवर येते हे वाचलेलं होतं. ती दिवसाच्या कुठल्या वेळी येते ते तेव्हा कळलं.

पहिल्या आठवड्यात बिशपांच्या कार्यालयातून नेमणुकांचं काम पाहणाऱ्या पाळकबाई आल्या आणि दोन गोष्टी बजावून गेल्या. एक, घाई करू नका. दोन, रविवार चुकवू नका. इंटरिम, म्हणजे मधल्या काळापुरता नेमलेला पाळक, मिळेपर्यंत आम्ही सप्लाय प्रीस्टवर चालवलं, म्हणजे एका-एका रविवारपुरते येणारे, बहुतेक निवृत्त पाळक. एखाद्या रविवारी कुणीच मिळायचं नाही. प्रभुभोजनाचा विधी प्रीस्टशिवाय होत नाही, पण सकाळची प्रार्थना सामान्य सभासदही चालवू शकतो. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात ती पूर्ण दिलेली आहे. आमचा एक निवृत्त पोस्टमन ती इतक्या शांतपणे चालवायचा की काही जण खास त्याच रविवारी यायचे.

सगळ्यात कठीण गेला तो एक अंत्यविधी. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या मंडळीतल्या एक आजी गेल्या. मुलांना आधीच्या रेक्टरच हव्या होत्या, कारण आजारपणात त्याच घरी यायच्या. पण सोडून गेलेल्या पाळकानं जुन्या पॅरिशमध्ये लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी करायचे नाहीत असा इथला दंडक आहे. सध्या जो जबाबदार असेल त्यानं बोलावलं तरच. मी फोन केला तेव्हा त्याच म्हणाल्या, "मी आले तर तुम्ही मला कधीच निरोप देऊ शकणार नाही." मुलं चिडली. मला त्यांचा राग समजत होता आणि रेक्टरांचं म्हणणंही पटत होतं.

शेवटी सप्लायला येणाऱ्या ल्यूथरन पास्टरबाई त्या घरी गेल्या. (ईएलसीए ही ल्यूथरन चर्चसंघटना आणि एपिस्कोपल चर्च यांच्यात २००१ पासून पूर्ण सहभागिता आहे, त्यामुळे त्यांचे पाळक आमच्या वेदीवर चालतात. जवळ ल्यूथरन चर्च असेल तर पहिला फोन तिथे करा.) त्या ज्या घरी कधी गेल्या नव्हत्या तिथे बसून त्यांनी आजींच्या लग्नाचे फोटो पाहिले, भांडणंसुद्धा ऐकली. विधी सुरेख झाला. नंतरचं जेवण अख्ख्या पॅरिशनं केलं. त्यातला थोरला मुलगा पुढे वेस्ट्रीवर आला.

न्यू जर्सी, सभासद नसलेला

मी हिंदू. बायकोही चर्चची नाही. शेजाऱ्यांच्या ओळखीनं शनिवारी चर्चच्या तळघरातल्या फूड पँट्रीत मदतीला जातो. त्यांचे फादर गेल्याचं मला बऱ्याच उशिरा समजलं, कारण शनिवारी काहीच बदललं नव्हतं. कॅनच्या पेट्या येत होत्या, रांग लागत होती, गुजराती आणि स्पॅनिश बोलणारे लोक येत होते तसेच येत होते.

एक फरक मात्र दिसला. आधी काही अडलं की "फादरना विचारू" असं ऐकू यायचं. नंतर कुणी तसं म्हणेना. डाळ-तांदळाची वेगळी पिशवी ठेवायची मी वर्षभर मागणी करत होतो. ती एका शनिवारी तिथल्या तिथे मान्य झाली.

सर्च कमिटीत (नवा रेक्टर शोधणाऱ्या समितीत) होते, मॅसॅच्युसेट्स. मूळ पुणे

धागाकर्तीचं मत मला मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालते. हातात काम येण्याआधी एकमेकांचं ऐकावं लागतं आणि ते फार दमवतं.

आमची कमिटी वेस्ट्रीनं नेमली. जुने, नवे, एक कॉलेजातली मुलगी, एक चर्चमध्ये कधी तोंड न उघडणारे गृहस्थ. पहिले कित्येक महिने उमेदवाराचं नावही नव्हतं. घरोघरी, पॅरिश हॉलमध्ये, छोट्या गटांत बसून आम्ही फक्त विचारत होतो : या मंडळीत तुम्ही का राहिलात? कुठे दुखावलात? त्यातून पॅरिशची प्रोफाइल लिहायची असते, म्हणजे आपली खरी ओळख, जी वाचून कुणी पाळक इथे यायचं की नाही हे ठरवणार. पहिल्या मसुद्यात प्रत्येक वाक्यात "प्रेमळ आणि स्वागतशील" होतं. आमच्या इंटरिमनी वाचून विचारलं, की पार्किंग लॉटवरून झालेलं भांडण यात कुठे आहे? आम्ही ते लिहिलं. पुढे आमच्या रेक्टर झालेल्या बाईंनी सांगितलं, की तो परिच्छेद वाचूनच त्यांनी अर्ज पुढे नेला.

अशाच एका बैठकीत नव्वदीतल्या एक बाई बोलल्या. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात ११ स्त्रियांना परवानगीची वाट न पाहता प्रीस्ट म्हणून दीक्षा दिली गेली तेव्हा त्या विरोधात होत्या. १९७६ मध्ये जनरल कन्व्हेन्शननं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेनं, मान्यता दिली तेव्हाही मनातून नव्हत्या. आणि आता म्हणत होत्या, "स्त्री असो, पुरुष असो, मला हॉस्पिटलात भेटायला येणारं माणूस द्या." तो मुद्दा प्रोफाइलमध्ये पहिल्या पानावर गेला.

मग अर्ज, मुलाखती, संदर्भांची तपासणी, आणि गुप्तता. उमेदवार बहुतेक दुसऱ्या पॅरिशमध्ये काम करत असतात. नाव फुटलं तर तिथे त्यांचं बिघडतं. कॉफी अवरला मैत्रिणी डोळ्यांनी विचारायच्या आणि मी सँडविचकडे बघायचे. नवऱ्यालाही सांगितलं नाही. अंतिम बोलावणं वेस्ट्री देते, कमिटी फक्त नाव सुचवते. हेही मनाला सांगावं लागतं.

निर्णयाआधी आम्ही एक दिवस केंब्रिजला चार्ल्स नदीकाठच्या मठात मौनात बसलो. तो सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचा मठ, म्हणजे काउली फादर्सचा. आपल्या गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन याच संघानं चालवलं. पुणेकरांना पंचहौद आठवतं ते १८९० च्या चहापायी. मला ते आजीच्या घराशेजारचं घंटेचं चर्च म्हणून आठवतं. इतक्या दूर येऊन त्याच लोकांच्या दारात बसायला मिळालं याचा मला त्या दिवशी मोठा आधार वाटला.

टेक्सस, ऑल्टर गिल्ड

थोडक्यात लिहिते. आम्ही शनिवारी वेदी मांडतो : कापडं, चषक, भाकर, द्राक्षारस, फुलं. दर रविवारी प्रीस्ट वेगळा, प्रत्येकाची मांडणी वेगळी. आम्ही सगळं एका वहीत लिहून काढलं, फोटो चिकटवले आणि येणाऱ्याला आधीच ईमेलनं पाठवायला लागलो. अजून एक, ईस्टरसाठी सप्लाय प्रीस्ट उन्हाळ्यातच बोलून ठेवा. त्या दिवशी सगळे आपापल्या चर्चमध्ये असतात. गुड फ्रायडेचा विधी आम्ही सभासदांनीच केला, आणि तो मला कायम लक्षात राहील.

वसईचा कॅथलिक, सध्या शिकागो

बायको एपिस्कोपल म्हणून मी दोन्हीकडे जातो. वेगळा सूर लावतो, राग मानू नये. आमच्याकडे फादर बदलले की बिशप दुसरे देतात आणि पुढच्या रविवारी मिस्सा होते. तिच्या पॅरिशमध्ये त्या वर्षात दोन कुटुंबं निघून गेली. गानवृंद थांबला नाही, पण तरुण पालक दमले. प्रत्येक गोष्टीला समिती. ज्यांना नोकरी, लहान मुलं, आजारी आईवडील आहेत त्यांनी एवढा वेळ कुठून आणायचा? मंडळीच्या हातात काम येतं हे खरं, पण बऱ्याचदा ते त्याच सात-आठ हातांत येतं.

धागाकर्ती

राग कसला, हाच मुद्दा मला छळतोय. "त्याच सात-आठ हातांत" यावर कुणाकडे उपाय असेल तर लिहा.

खजिनदार, कनेक्टिकट

उपाय म्हणण्याइतकं नाही, पण आम्ही वेस्ट्रीत ठरवलं की या काळात नवीन उपक्रम नाही, आणि जे काम करायला कुणी पुढे येत नाही ते सहा महिने बंद. फेब्रुवारीतलं मोठं भोजन बंद झालं. पॅनकेक सपर (उपवासकाळाच्या आदल्या संध्याकाळचं जेवण) बंद होऊ दिलं नाही, ते नववीतल्या मुलांनी उचललं.

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रेक्टरचा पगार वाचतो असं लोकांना वाटतं. वाचतो थोडा, पण सप्लायचं मानधन आणि प्रवासखर्च, इंटरिमचा पगार, उमेदवारांना बोलावण्याचा खर्च, नव्या रेक्टरचं सामान हलवणं यात तो जातो. पाळकाच्या एकूण मोबदल्यावर १८ टक्के पेन्शन फंडात भरावे लागतात, ते अंदाजपत्रक मांडताना विसरू नका. शरदात पुढच्या वर्षाच्या वर्गणीची वचनपत्रं घेतो तेव्हा काही जण म्हणाले, "नवे कोण येतात ते बघून ठरवू." त्यांच्याकडे मी स्वतः गेलो, चहा घेतला, आणि छताच्या दुरुस्तीचं बिल दाखवलं. निम्म्यांनी त्याच दिवशी कार्ड भरलं.

ओरेगन, नवे रेक्टर येऊन वर्ष झालेलं

आमच्याकडे शोध संपला, करारपत्रावर सह्या झाल्या, बिशप आले. नव्या सेवेच्या आरंभाची उपासना प्रार्थनापुस्तकातच आहे. मंडळीतले लोक एकेक करून नव्या पाळकाला बायबल, पाणी, तेल, किल्ल्या, भाकर आणि द्राक्षारस देतात. पाणी द्यायला आम्ही सगळ्यात लहान मुलीला पाठवलं. सुंदर दिवस होता.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. मधल्या काळात आजाऱ्यांना भेटण्याचं काम आम्ही पाच जणांनी घेतलं होतं. बिशपांकडून परवाने घेऊन, रविवारी वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस घेऊन थेट त्यांच्या घरी जायचो. नवे रेक्टर आल्यावर एका आजोबांनी मला विचारलं, "आता तू येणार नाहीस का?" मी हे तसंच वेस्ट्रीत सांगितलं. रेक्टरांनी यादी मागवली, आणि दोन घरी आमच्यासोबत आले. मग म्हणाले, की पापांची कबुली ऐकणं, मरणाच्या वेळी तेल लावण्याचा विधी आणि हॉस्पिटल माझ्याकडे द्या, बाकी घरं तुमचीच. यादीत तेव्हा नऊ घरं होती, आता बारा आहेत, आणि आम्ही पाचांचे सात झालो. वसईच्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे : ते दोन नवे लोक कुठल्याच समितीत नाहीत. एकीला गाडी चालवायला आवडते आणि एकाला बोलायला कुणी हवं होतं. आम्ही फक्त त्यांना सोबत घेऊन गेलो.