वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, तरी एमसीबी पडत नाही

प्रश्न (अकरावी सायन्स, दांडिया बाजार, वडोदरा)
आमचं घर जुनं आहे. नवीन वॉशिंग मशीनला ओला हात लागला की आजीला झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. टेस्टर पत्र्याला लावला तरी लागतो. बोर्डात 16 अँपियरचा एमसीबी आहे, तो एकदाही पडला नाही. मशीन परत करायचं का?

उत्तर (निवृत्त वायरमन, रावपुरा)
आधी प्लग काढ. नुसता स्विच बंद करून भागणार नाही.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. तूच गणित कर. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धर. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपियर. 16 च्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस जातो.

आजींना नुसत्या झिणझिण्या येतात, म्हणजे मशीन बहुधा ठीक आहे. आतल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतला किंचित करंट जमिनीत उतरतो. नसेल तर पत्रा 115 व्होल्टच्या आसपास अधांतरी राहतो. पण उद्या मोटरचं इन्सुलेशन गेलं की त्याच पत्र्यावर पूर्ण 230 येतील. जुन्या घरांतले असे बोर्ड मी खूप उघडलेत: सॉकेटला भोकं तीन, मागे वायरी दोनच, अर्थची नाहीच. तू बोर्ड उघडू नकोस, परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग करून घे आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घे.

प्रतिसाद (मांडवी)
आमच्याकडे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून दिलंय. झिणझिण्या बंद झाल्या.

निवृत्त वायरमन
ताई, तो तुकडा आजच काढून घ्या, हात जोडून सांगतो. मागे कुठे न्यूट्रल सुटला, की मशीनमधून फिरून आलेला फेज त्याच तुकड्यातून थेट पत्र्यावर येईल. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना!

प्रश्नकर्ता
काका, मग अर्थिंग केलं की झालं ना? आरसीसीबी कशाला?

निवृत्त वायरमन
बरं विचारलंस. समजा अर्थिंगच्या जमिनीत पुरलेल्या प्लेटचा रोध 20 ओहम निघाला. इन्सुलेशन गेलं तर 11.5 अँपियर वाहतील, 16 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा तापलेल्या तव्यासारखा तसाच राहील. 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी मात्र फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. 30 मिलीअँपियरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. अर्थिंग नसलं तरी तोडेल, पण कुणाचा तरी हात लागल्यावर. अर्थिंग असलं तर बिघाड होताक्षणीच. म्हणून दोन्ही हवेत.

त्याचं टेस्टचं बटन अधूनमधून दाबत जा. ते फक्त आरसीसीबी चालतो का एवढंच सांगतं. अर्थिंग वेगळं, मीटर लावूनच मोजून घ्यायचं. आणि बसवल्या बसवल्या पडायला लागला तर काढून टाकू नका. जुन्या वायरिंगमध्ये दोन लायनींचे न्यूट्रल कुठे तरी एकत्र बांधलेले असतात, ते आधी वेगळे करून घ्या.