मदत हवी आहे: दुधी घालून ग्रीक 'ब्रियाम' करताना पाणी फार सुटतं, बटाटा कच्चा राहतो

नमस्कार मंडळी,

ग्रीसमध्ये उन्हाळ्यात घरोघरी होणाऱ्या ब्रियामबद्दल विचारायचं आहे. बटाटा, वांगं, झुकिनी, कांदा, टोमॅटो यांच्या चकत्या, भरपूर ऑलिव्ह तेल, लसूण, ओरेगॅनो, आणि सगळं ओव्हनमध्ये सावकाश भाजायचं, एवढाच पदार्थ. चोर्ला घाटातून गोव्याला गेलो होतो तेव्हा एका छोट्या हॉटेलात खाल्ला. मसाला नाही, खोबरं नाही, कूट नाही, तरी भाज्या इतक्या गोड लागल्या की ताटलीतलं तेलसुद्धा पावाने पुसून घेतलं. मे महिन्यात दुपारी चुलीपुढे उभं राहवत नाही आणि गरम रस्सा कुणाला नकोच असतो. सकाळी भाजून ठेवावं, दुपारी कोमट खावं, म्हणून हा पदार्थ मला घरात रुळवायचाच आहे.

आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. झुकिनी हवी तर बेळगाव गाठावं लागतं आणि तिथेही ती मिळेलच असं नाही, म्हणून दुधी घेते. बाकी सगळं बाजारात मिळतं. ओव्हन छोटा आहे, वीस लिटरचा ओटीजी. भाज्या एकत्र कालवून ट्रे भरून ठेवला की तळाला पाणी साचतं, दुधी आणि वांगं गळून जातं आणि बटाटा मात्र कचकचीत राहतो. वेळ वाढवला तर वरचा थर करपतो.

ऑलिव्ह तेल महाग पडतं, त्यात घाण्याचं शेंगतेल मिसळलं तर चालेल का? फेटा चीज इथे मिळत नाही, त्याऐवजी काय? आणि आमच्या जैन शेजाऱ्यांनाही द्यायचं आहे. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, वांगं काहीच चालत नाही. मग उरतं काय?

शहापूरहून प्रतिसाद

ताई, मूळ दुखणं ट्रे भरण्यात आहे. चकत्यांचे दोनपेक्षा जास्त थर झाले की भाज्या भाजत नाहीत, आपल्याच वाफेत उकडतात. वीस लिटरच्या ओव्हनला सगळ्या भाज्या मिळून एक किलो पुष्कळ. पाव किलो बटाटा, पाव किलो कोवळा दुधी, पाव किलो वांगी, एक मोठा कांदा, दोन टोमॅटो. जास्त हवं तर दोन घाण्यांत करा.

बटाटा कच्चा राहण्याचं कारण टोमॅटो. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही, आमटीत चिंच आधी घातली की डाळ-भाजी अडून बसते ना, तसंच. म्हणून बटाट्याच्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकळून निथळून घ्या. त्या ट्रेच्या तळाला लावा, वर कांदा, वांगं, दुधी. टोमॅटो किसून सगळ्यात शेवटी वरून पसरा.

दुधी नख सहज रुतेल इतका कोवळा बघा. बिया धरलेला असेल तर मधला गर काढून टाका, पाणी तिथेच असतं. वांग्याला आणि दुधीला मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग हाताने दाबून पाणी काढा. हे मीठ धरून वरचं मीठ कमी घाला.

ओव्हन २०० अंशांवर आधी तापवायचा. पहिली चाळीस मिनिटं ट्रे झाकून, मग झाकण काढून आणखी चाळीस-पन्नास मिनिटं, मध्ये एकदा हलक्या हाताने भाज्या वर-खाली करायच्या. पाणी आटून तळाला नुसतं तेल दिसायला लागलं की झालं. तोवर काढूच नका, चव त्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच येते.

तेलात मात्र हात आखडू नका. ग्रीसमध्ये अशा तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक अख्खा वर्गच आहे, त्याला 'लादेरा' म्हणतात, आणि त्या चर्चच्या उपवासाच्या काळात, मांस आणि दूध-दही वर्ज्य असताना, भरपूर खाल्ल्या जातात. एक किलोला सत्तर-ऐंशी मिली तेल लागतंच. भाजायला निम्मं शेंगतेल चालेल. दोन चमचे ऑलिव्ह तेल बाजूला ठेवून खाली उतरवल्यावर कच्चंच वरून घाला, वास टिकतो.

निपाणीहून प्रतिसाद

फेट्यासाठी माझा उपाय: श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का बांधायचा, साखरेऐवजी मीठ आणि थोडा ओरेगॅनो घालायचा. फेटा मेंढीच्या दुधाचा, त्याची धार वेगळी, पण गोड झालेल्या भाज्यांशेजारी खारट-आंबट काहीतरी लागतं ते काम चक्का चोख करतो. ओरेगॅनो संपला तर कुंडीतल्या पानओव्याचं एखादं पान बारीक चिरून घाला, जास्त नको, उग्र होतं. आणि कोथिंबीर टाळा, लगेच आपली भाजी होऊन बसते. त्यापेक्षा शेपू घ्या. ग्रीक लोक झुकिनीत शेपू घालतातच आणि आपल्याकडे तो जुडीने मिळतो.

जैन शेजाऱ्यांसाठी बटाट्याऐवजी कच्ची केळी, सोबत दुधी, ढबू मिरची, टोमॅटो, शेपू. तरी काय चालतं ते आधी त्यांनाच विचारा, प्रत्येक घरचा नियम वेगळा असतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बटाट्याचं आणि टोमॅटोचं वैर आत्ता कळलं! एक अडचण राहिलीच. वळवाचे दिवस आहेत, ढग आले की आमच्याकडे लाईट जाते आणि दीड तास सलग मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय पाहुणे आले की एक किलोने भागणार नाही.

बेळगाव कॅम्पातून प्रतिसाद

मग बेकरीत द्या की! उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण घरचं तूप-पीठ देऊन नानकटाई भाजून आणतो, तसंच हे. ग्रीसच्या गावांतही घरात ओव्हन नव्हते तेव्हा बायका भरलेले ट्रे पावाच्या भट्टीत नेऊन द्यायच्या. ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारा. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी उतरणीला लागते, ती मंद धग याला फार छान. ॲल्युमिनियमचा ट्रे टोमॅटोला नको, स्टीलची खोलगट परात घ्या आणि वर बसेल असं ताट झाकायला द्या. साधारण पाऊण तासाने ताट काढायला सांगा. मांसाचे पदार्थही त्याच भट्टीत जातात का, तेवढं शेजाऱ्यांसाठी आधी विचारून घ्या, नाहीतर त्यांचा वाटा घरच्या ओटीजीतच करा.