गर्भपिशवीच्या टाक्याला नाव शिरोडकरांचं, पण शिरोडकर कोण? (विज्ञान दिनाच्या फळ्यासाठी मदत हवी)

फळा_आणि_खडू:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला आम्ही दारातला मोठा फळा सजवतो. यंदाचा विषय मीच मागून घेतला: गरोदर बाई, बाळ आणि बाळाची पहिली वर्षं यांच्या आरोग्यावर संशोधन केलेली माणसं. मुलींना नावं शोधून आणायला सांगितली, तर चौदा वह्यांत आनंदीबाई जोशी! आदर आहेच हो, पण १८८६ मध्ये डॉक्टर झालेली ती मुलगी पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण व्हायच्या आधी गेली. संशोधन कधी करणार होती? उरलेल्या वह्यांत परदेशी दाढीवाले, आणि ते काय करायचे ते लिहिणारीलाही ठाऊक नाही.

विषय मागून घेण्याचं कारण घरातलं. माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. दुखलं नाही, खुपलं नाही, दुपारी भाकरी थापत होते आणि संध्याकाळी सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालू. कुणी फार समजावलं नाही, मीही विचारलं नाही. लेक आता नववीत आहे. परवा कपाट आवरताना डिस्चार्ज कार्ड हाती आलं. त्यावर निळ्या शाईत ‘शिरोडकर स्टिच’. पंधरा वर्षं मला वाटत होतं की शिरोडकर म्हणजे दोरा विकणारी कंपनी.

तर विनंती अशी: चार-पाच नावं सुचवा. एकच अट. प्रत्येकाच्या कामातली एखादी वस्तू फळ्याखालच्या टेबलावर ठेवता आली पाहिजे. नुसते फोटो मुली बघतात आणि पुढे जातात.

निवृत्त_सिस्टर:

बाई, दोऱ्याची कंपनी वाचून हसले, मग पहिल्या बाळाचं वाचून गप्प झाले.

चौतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, तेव्हा शिरोडकरांचं मी सांगते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईला ग्रँट मेडिकलमध्ये शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येता पिशवीचं तोंड उघडतं आणि बाळ निसटतं, पुन्हा दिवस जातात, पुन्हा तेच. अशा बायकांना तेव्हा ‘झोपून राहा’ याखेरीज सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी काढली, मूत्राशय जरा वर सारलं आणि पिशवीच्या मानेला ती पट्टी जमेल तितकी वर आवळून बांधली. १९५५ साली हे छापलं ते मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात. लंडनला नाही, तरी जगभरातल्या डॉक्टरांनी उचललं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनल्डनी सोपा प्रकार काढला: बटव्याच्या नाडीसारखा चहूबाजूंनी दोरा ओवायचा आणि ओढून गाठ मारायची.

एक खोडी काढते. कार्डावर शिरोडकर लिहिलंय म्हणजे तुम्हाला तोच घातला असेल असं नाही. आमच्याकडे कुठल्याही टाक्याला सर्रास शिरोडकरच म्हणायचे. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले, पण खरा मान हा. दर आठवड्याला कुणीतरी ओरडायचं, “सिस्टर, शिरोडकरची तयारी करा!”

वस्तू: बटवा.

गिरणगावकर:

सिस्टरना +१.

माझं नाव लूसी विल्स. इंग्लिश बाई, पण काम मुंबईचं. १९२८ मध्ये त्या आल्या (रामन परिणामाचंही तेच साल, तुमच्या फळ्याला बरं). गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. विल्सबाईंनी आधी त्या काय खातात ते पाहिलं, मग उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. पर्निशस ॲनिमिया नावाच्या दुसऱ्या एका पांडुरोगावर शुद्ध केलेला यकृताचा अर्क चाले, तो या बायकांना लागू पडेना. लागू पडलं काय, तर मार्माइट. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टची काळी, खारट, चिकट चटणी, स्वस्तातली. १९३१ साली त्यांनी ते छापलं. आतला पदार्थ कोणता हे कळेपर्यंत डॉक्टर नुसते ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे तो पालकाच्या पानांतून वेगळा निघाला आणि पान म्हणून नाव पडलं फॉलिक आम्ल. १९९१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं की आधी मणक्याचा किंवा मेंदूचा दोष असलेलं बाळ झालेल्या बाईनं दिवस जायच्या आधीपासून ते घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो.

माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्या पाचातली दोन बाळंतपणं वाया गेली. कारण विचारलं की म्हणायची, “रक्त नव्हतं अंगात.”

वस्तू: आशाताई देतात ती लाल गोळ्यांची पट्टी. लोह आणि फॉलिक आम्ल दोन्ही तिच्यात असतं. मार्माइट महाग पडेल, आणि चव घेतली तर मुली तुम्हाला माफ करणार नाहीत.

तिरकस_तात्या:

आता डॉ. अभय आणि राणी बंग दांपत्य येणार, मग टाळ्या. २००३ ला महाराष्ट्र भूषण झालं, २०१८ ला पद्मश्री झाली. त्यांना तुमच्या फळ्याची गरज काय? जे विसरले गेलेत त्यांना घ्या.

गडचिरोली_रिटर्न:

तात्या, नाव ऐकलेलं असणं वेगळं आणि काम माहीत असणं वेगळं. विचारा कुणालाही. “थोर माणसं, आदिवासींची सेवा केली” एवढंच सांगतील. सेवा नाही हो, संशोधन! एकोणचाळीस गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या सत्तेचाळीस गावांशी तुलना केली. त्याच गावातल्या बाईला शिकवलं: बाळ तोला, ऊब द्या, श्वास मोजा, जंतुसंसर्ग ओळखा आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्या. बाईच्या हाती इंजेक्शन म्हटल्यावर बरेच डॉक्टर बिचकले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या फेऱ्या मारते, त्याचं मूळ हे.

आणि राणीताईंचं वेगळं लिहा, ‘सौ.’ म्हणून शेजारी नको. १९८९ मध्ये दोन गावांतल्या ६५० बायका तपासून त्यांनी दाखवलं की ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आहे. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. तोवर जगाच्या लेखी गावातली बाई आजारी पडायची ती फक्त बाळंतपणात.

वस्तू: मणी आणि वाळूचं घड्याळ. दायांना मोठे आकडे मोजता येत नसत, म्हणून बंगांनी श्वास मोजायचं साधन केलं: वाळू पडेपर्यंत एक मिनिट, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त झाले की धोका. मुलींना एकमेकींचे श्वास मोजायला लावा.

पोटाचा_घेर:

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक राहिले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटानं बायकांना दिवस जायच्या आधीपासून गाठलं, आणि ती मुलं मोठी होईतो पिच्छा सोडला नाही. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीनच्या आसपास. हडकुळं म्हणावं तर चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे मधुमेहाची पेरणी पोटातच, बाकी जिलबी नंतर.

वस्तू नाही, पण फोटो असा की मुली थांबतीलच. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. स्वतःलाच नमुना करून २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. आयडी का हा घेतला ते आता कळलं असेल.

फळा_आणि_खडू:

मंडळी, किती लिहिलंत! सगळी नावं घेतली. तात्या, तुमच्या म्हणण्यावर विचार केला. बंगांचा फोटोच लावत नाही, फक्त मणी आणि वाळूचं घड्याळ, खाली नाव. राणीताईंना वेगळा चौकोन.

शिरोडकरांसाठी बटव्याऐवजी फुगा घेतला. पाणी भरायचं, उलटा धरायचा, तोंडाला परकराची नाडी. मुख्याध्यापक सर येऊन बघून गेले. म्हणाले, “बाई, हे मुलींना दाखवायचं?” म्हटलं, यातल्या निम्म्या मुली सहा-सात वर्षांत बाळंतपणाला माहेरी येतील, तेव्हा दाखवू का? काही न बोलता गेले. तो होकार समजतेय.

काल रंगीत तालीम घेतली. गाठ जरा सैल बसली आणि माझी साडी भिजली. सातवीतली एक, जी वर्षभर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “बाई, नाडी घट्ट राहिली तर बाळ बाहेर कसं येणार?”

सिस्टर, छत्तीस-सदतीस आठवड्यांना टाका काढतात, एवढं मी सांगितलं. बरोबर ना? माझा काढलेला मला आठवतो, पण तारीख कार्डावर पुसलीय.

निवृत्त_सिस्टर:

बरोबर. कळा आधीच सुरू झाल्या तर लगेच, मग कितवाही आठवडा असो. आणि त्या मुलीला फुगा धरायला पुढे घ्या.