समुपदेशक आधी की पाळीचा तक्ता?

पाळीबदल (धागाकर्ता)
कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतला कुठलाही ओतकामाचा कारखाना घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित, कुठंही जा. 'कामगारांचं मानसिक आरोग्य' म्हटलं की ठरलेला बेत: एक व्याख्यान, अर्धा तास प्राणायाम, महिन्यातून एकदा येणारा समुपदेशक. माझं मत, हा खर्च थांबवा आणि आधी सूचनाफलकावरचा पाळीचा तक्ता बघा.

रात्र, मग दुसरी, मग पहिली अशी पाळी उलटी फिरत असेल तर ती आधी सुलटी करा. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे झोप पुढं ढकलणं जमतं, अलीकडं ओढणं जमत नाही. पहिली, दुसरी, रात्र हाच क्रम ठेवा. दोन पाळ्यांत किमान ११ तास सोडा. दुसरी पाळी रात्री ११ला सुटते. त्याच माणसाला बदली म्हणून सकाळी ७ला बोलावलं की मधे उरले ८. त्यातून पन्हाळ्याकडचं जाणं-येणं, जेवण, आंघोळ वजा करा. साडेचार तास झोपलेल्या माणसाला प्राणायाम शिकवून काय होणार?

भट्टीमास्तर
तत्त्व बरोबर, गणित अर्धं. आठवड्याला एकच सुट्टी असेल तर सुलट्या क्रमात रात्रपाळीवाला मरतो. शनिवारची रात्र रविवारी सकाळी ७ला सुटते आणि सोमवारी ७ला तो पहिल्या पाळीला उभा. मधे २४ तास, त्यातला निम्मा रविवार झोपेत. उलट्या क्रमात तोच सोमवारी दुपारी ३ला येतो, म्हणजे ३२ तास मिळतात. त्यामुळं नुसता क्रम बदललात तर पोरं आठवड्याभरात जुनाच तक्ता मागतील. सुलटा क्रम पाहिजे तर रात्रपाळी पाचच रात्रींची ठेवा, शनिवारची रात्र बंद. मग ४८ तास मिळतात.

चाळीस_माणसांचा_कारखाना
शनिवारची रात्र बंद म्हणजे रात्रीच्या सहातली एक रात्र गेली. ती हीट, म्हणजे वितळवायच्या धातूची खेप, कोण भरून देणार? वर भट्टी थंड झाली की तिच्या आतल्या अस्तराला बारीक भेगा पडतात, सोमवारी हळूहळू तापवत बसा. घाई केली तर पातळ धातू भेगेतून भट्टी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत जातो.

आणि झोप काय कारखान्यातच मोडते? रात्रपाळी करून घरी गेला की म्हशीची धार, डेअरीला दूध, आणि ऊसाला रात्रीची लाईट असेल तर सुट्टीच्या रात्रीही पाणी पाजायला रानात. ओव्हरटाईम बंद करा म्हटलं तर मालकाआधी कामगारच आडवा येतोय. गाडीचा हप्ता आहे, सोसायटीचं कर्ज आहे. तुमच्या तक्त्यात हे कुठं बसवालासा?

भट्टीमास्तर
अस्तराचं कारण इथं लागू नाही. रविवारी भट्टी बंदच असते, सोमवारी थंडच सापडते. आठ तास आधी बंद केली म्हणून सोमवारची मेहनत बदलत नाही. हीट जाते, ते मात्र खरं.

पाळीबदल
म्हशीचा मुद्दा मान्य. पण ओव्हरटाईम कामगाराला 'आवडतो' हे अर्धसत्य आहे. कायद्यानं तो दुप्पट दरानं द्यायचा असतो. जिथं एकेरी दरानं, पगारपत्रकाबाहेर व्हाउचरवर उरकतात, तिथं तेवढ्याच पैशासाठी माणूस दुप्पट तास थांबतो. दर सरळ द्या, तास आपोआप कमी होतील.

ओपीडीवाली_ताई
तुम्ही सगळे तक्त्यातच अडकलात. ज्याला नैराश्याचा आजार आहे तो ४८ तास झोपून बरा होत नाही, त्याला उपचार लागतात. समुपदेशक निकामी नाही, त्याला बसवायची जागा चुकते. एचआरच्या काचेच्या केबिनबाहेर बाकड्यावर अख्ख्या फेटलिंगसमोर, म्हणजे ओतीव माल साफ करणाऱ्या खात्यासमोर, कोण बसेल? त्यात गेटपासावर 'कारण' हा रकाना. तिथं 'समुपदेशन' लिहिलं की संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर चर्चा. रकाना काढा, महिन्याला दोन तास पगारी सुट्टी कारण न विचारता द्या, भेट कारखान्याबाहेर ठेवा, बिलावर नावाऐवजी फक्त भेटींची संख्या येऊ द्या. ठेकेदाराकडच्या कामगार पोरांनाही यात घ्या. बहुतेक वेळा तीच सुटतात.

पैसे नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

दुसरं, उपचार सुरू झाल्यावरचं. डॉक्टरला चिठ्ठीत काम नीट कळवा: भट्टीवर की साच्याचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमध्ये, घाम किती, पाळी कोणती. लिथियम हे औषध चालू असलेल्या माणसाला भरपूर घाम येऊन पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. काही औषधांनी घामच कमी येतो, मग उष्माघाताची भीती. सुरुवातीला गुंगी येते, तेव्हा लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं), क्रेन, ग्राइंडर नको. बायपोलर असेल तर रात्रपाळी नकोच. झोप मोडली की उन्माद उसळू शकतो. म्हणजे तक्ता लागतोच, पण त्या माणसापुरता वेगळा.

चाळीस_माणसांचा_कारखाना
एवढं सगळं करण्यापेक्षा वर्षातून एकदा सगळ्यांकडून ती नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-९, भरून घेतली तर? कोण त्रासात आहे ते कळेल तरी.

ओपीडीवाली_ताई
नाव लिहून घेणार असाल तर अजिबात नको. पीएचक्यू-९ ही चाळणी आहे, निदान नव्हे. गुण ० ते २७, दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडं पाठवायचं. पण नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. कुणी तिथं खूण केली आणि गठ्ठा आठवडाभर टेबलावर पडून राहिला, तर न विचारलेलं बरं होतं. त्याच दिवशी बघणारा माणूस असेल तरच वाटा.

त्यापेक्षा सुपरवायझरला दोन तास शिकवा. वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, रिजेक्शन वाढलं, जेवायला एकटा बसतोय, एवढं दिसलं की लाईनपासून बाजूला नेऊन विचारायचं. शिव्या न देता. (कोल्हापुरात ही अट लिहूनच द्यावी लागते.) जिवाचं काही बोलला तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

हजेरीपत्रक
ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कुणी बोललंच नाही. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के भत्ता मिळतो, मानसिक आजारालाही. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) तर दीर्घ आजारांच्या यादीत आहे. अटी बसल्या तर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. तरी माणूस बिनपगारी रजा टाकून गावी बसतो, कारण टाईम ऑफिसात कुणी सांगत नाही. ईएसआयबाहेरच्यांच्या गटविम्यात ओपीडी आहे का तेही बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे, पण हे उपचार बहुतेक ओपीडीतच होतात, आणि ओपीडी पॉलिसीत नसली की हातात काही पडत नाही.

चाळीस_माणसांचा_कारखाना
शनिवारची हीट मी सोडणार नाही, आत्ताच सांगतो. त्या पाळीच्या माणसांना सोमवारी पहिलीऐवजी मंगळवारी घेता येतंय का, तेवढं बघू. गेटपासाची पुस्तकं संपत आलीत, नवी छापताना रकाना काढायला जादा पैसे पडत नाहीत.

भट्टीमास्तर
मग सोमवारची पहिली पाळी कोण चालवणार? परत बदली, आणि त्याची स्वतःची पाळी त्याच दिवशी दुपारी ३ला नाहीतर रात्री ११ला.