पत्रकाचा मथळा: ‘खुलासा’ की ‘निवेदन’?

वाळूजकर: कारखान्यातल्या लैंगिक छळाच्या तक्रारीची बातमी पेपरात आलीय. कंपनीच्या इंग्रजी पत्रकाचं मराठी करायचंय. मथळा ‘खुलासा’ दिला, तर एचआर म्हणतो, “आपण काहीतरी उघड करतोय असं वाटेल.” खुलासा म्हणजे स्पष्टीकरणच ना?

परभणीकर: मराठीत तुमचंच बरोबर. उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्याकडून साहेब लेखी खुलासा मागवतात, तो काही गौप्यस्फोट नसतो. ‘धक्कादायक खुलासा’ हिंदी चॅनेलवरून आला. त्यापायी आपला शब्द का सोडायचा?

मांजराकाठ: पण शब्द ‘खुला’वरूनच आलाय ना? मग उघड करणं हाच मूळ अर्थ झाला.

जुनंदफ्तर: नाही हो. मूळ अरबी आहे. ‘खलास’, ‘खालसा’ ही त्याचीच भावंडं. मूळ अर्थ गाळून उरलेला अर्क, सार. उर्दूत आजही खुलासा म्हणजे सारांश. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत कारभार उर्दूत चालला, त्यामुळे आपल्याकडे मराठवाड्यात हा अर्थ कानावर असलेली माणसं अजून आहेत. एकाच मथळ्याचे तीन वाचक तीन अर्थ घेतील.

शेंद्रा-पाळी२: मथळ्याआधी मजकूर बघा. पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा, २०१३, कलम १६: तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, समझोता, चौकशी, शिफारशी, केलेली कारवाई, यातलं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. माहिती अधिकारातही मिळत नाही. न्याय मिळाला एवढं सांगता येतं, तेही ओळख न कळेल असं. चौकशीची जबाबदारी असलेल्यानं हे फोडलं तर सेवानियमांनुसार शिक्षा. सेवानियमच नसतील तर ५,००० रुपये वसुली.

चुका होतात त्या नाव न घेता. “पॅकिंगच्या रात्रपाळीतील महिला कर्मचारी” लिहिलं आणि त्या पाळीत बाई एकच असेल, तर नाव छापल्यासारखंच. “संबंधिताची बदली केली” ही कारवाईची माहिती झाली. गेटवरच्या फळ्यावर नोटीस लावू नका. फोटो निघतो आणि चहाच्या सुट्टीआधी व्हॉट्सॲपवर फिरतो. पत्रकारांशी एकच माणूस बोलेल, आणि तो तक्रारीची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीतला नसावा. गेटवरच्या सिक्युरिटीलाही हे आधी सांगून ठेवा.

परभणीकर: आणि “दोषींची गय केली जाणार नाही” काढा. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे, त्याआधीच दोषी ठरवून मोकळे. “असा प्रकार घडलाच नाही” हेही तितकंच वाईट. समितीपुढं बाई काय सांगणार, ते मालकानं आधीच खोटं पाडलं.

शेंद्रा-पाळी२: एवढंच लिहा: “अशा तक्रारींची चौकशी अंतर्गत समिती करते. कायद्याने गोपनीयता बंधनकारक असल्याने आम्ही तपशिलावर भाष्य करणार नाही. कोणाचीही ओळख प्रसिद्ध करू नये, ही विनंती.” मथळा ‘निवेदन’.

मांजराकाठ: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला काय म्हणायचं? बातमीत सरळ ‘आरोपी’ छापलंय.

जुनंदफ्तर: आरोपी फौजदारी खटल्यातला. इथं ‘गैरअर्जदार’. तहसिलीत रोजचा शब्द आहे.

परभणीकर: अर्धा फारसी, अर्धा अरबी! ‘प्रतिवादी’ का नको?

जुनंदफ्तर: प्रतिवादी दिवाणी दाव्यातला, ही समिती म्हणजे कोर्ट नव्हे. आणि ‘अर्ज’ परका वाटत असेल तर ‘तक्रार’ तरी कुठली?

मांजराकाठ: ‘पीडिता’ चालेल का? चौकशीआधी तेही ठरवून टाकल्यासारखंच वाटतं.

शेंद्रा-पाळी२: ‘तक्रारदार महिला’ म्हणा. ‘पीडिता’ म्हटलं की बाईची तक्रार मागं पडते, नुसती दया उरते.

परभणीकर: तेच ‘निवेदन’चं. आपल्याकडं निवेदन कलेक्टरला देतात, मोर्चा घेऊन. कंपनी कोणाला देणार?